तीन गाड्या आणि मागची सीट

अजूनही अधूनमधून कुणीतरी मला विचारतंच. ऑफिसात नवा आलेला एखादा, पुण्याचा नाहीतर नागपूरचा, नुकतंच पर्मनंट काँट्रॅक्ट हातात पडलेलं. कॉफी मशीनपाशी मला गाठतो आणि म्हणतो, "सर, तुमच्याकडे ती अमेरिकन गाडी आहे ना? मला सांगा, मस्टँग घेऊ, कॅमॅरो घेऊ की चॅलेंजर?" मी आधी मनातल्या मनात चिडतो. बायको शेजारी उभी असली तरी हा प्रश्न मलाच येतो. गाडी माझी कधीच नव्हती. गाड्यांचं वेड तिचं. मला विचाराल तर चार दारं, मोठी डिकी आणि कमी कर, एवढ्यावर माझं सुखात भागतं.

तरी मी उत्तर देतो, कारण तिन्ही गाड्या मला पाठ आहेत. मस्टँग इथे सगळ्यात सोयीची. ती युरोपात रीतसर विकायला आली, त्यामुळे सर्व्हिसिंगला वणवण नाही, आणि सायकलवाल्यांनी भरलेल्या इथल्या गल्ल्यांत ती त्यातल्या त्यात वळते. कॅमॅरो चालवायला तिघींत सरस. वळणावर रस्ता सोडत नाही. पण आत बसलं की बाहेरचं काही दिसत नाही, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी, आणि डिकीचं तोंड इतकं लहान की आठवड्याचा बाजार एकेक करून आत सरकवावा लागतो. चॅलेंजर आडमाप, जड, जुन्या वळणाची. तिला घाई आवडत नाही. इथे रोड टॅक्स वजनावर लागतो, तेव्हा तो भरताना दरवेळी तिची आठवण होते. आवाज तिघींचाही असा की शेजारी पडदे सरकवून बघतात. दारं तिघींची लांबलचक, त्यामुळे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पोट आत घेऊन उतरायचं.

एवढं सांगून मी थांबतो. आम्ही त्या तीन गाड्या वेगळ्याच गोष्टीवर तोलल्या होत्या. मागच्या सीटवर तान्ह्या बाळाची सीट नीट बसते का, एवढीच आमची परीक्षा होती. बाळ होणार होतं. झालंही. पण ते घरी आलं नाही. हे मी कॉफी मशीनपाशी सांगत नाही.

बायको कोथरूडची, मी चिंचवडचा. दोघंही नेदरलँड्समध्ये, आयंडहोवनला, चिप बनवायच्या मशिनांच्या धंद्यात. ती माझ्यापेक्षा हुशार, हे मी लग्नाआधीच मान्य करून टाकलं होतं, म्हणजे पुढे वाद नकोत. लहानपणी इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा ही काकाच्या गॅरेजमध्ये बसून कार्ब्युरेटर उघडायची, असं तिची आई कपाळाला हात लावून सांगते. तिचं म्हणणं एकच होतं. इलेक्ट्रिकचा जमाना येतोय, ही मोठी इंजिनं आता थोड्या वर्षांची पाहुणी, त्यातलं एक तरी आपण सांभाळायचं. मी हो म्हणत गेलो, कारण तिचा बेत दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचा. मग एक दिवस तिला दिवस गेल्याचं कळलं. मला वाटलं, चला, गाडीचं खूळ आपोआप गेलं. सुटलो.

"गेलं कुठे?" ती म्हणाली. "आता तर घ्यायलाच पाहिजे. नंतर कोण घेऊ देणारे मला? फक्त क्रायटेरिया बदलेल."

इथे गरोदरपण सुईण बघते. आमची सुईण उंच, मोठ्या आवाजाची आणि कामाला चोख. तिने पहिल्याच भेटीत बजावलं, की शेवटच्या महिन्याआधी घरात सगळं तयार हवं. पाळणा, कपडे, पलंगाखाली ठोकळे लावून पलंग उंच करायचा, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या नर्सची पाठ दुखत नाही. आणि गाडीतली सीट. ती नसेल तर बाळाला हॉस्पिटलातून गाडीने घरी कसं नेणार? मी हे सगळं फोनवर आईला सांगितलं.

"अरे, आधी काही आणून ठेवायचं नसतं," ती म्हणाली. "बाळ हातात आल्यावर सगळं. तुझ्या वेळी एक दुपटं आणलं नव्हतं मी."

"आई, इथे तसं चालत नाही."

"चालत नाही कसं? बाळं काय फक्त तिथेच होतात?"

मी दोन्हीकडून चेपलो गेलो. तोडगा बायकोने काढला. आमच्या शेजारच्या घरात एक एकटी डच बाई राहायची, साठी ओलांडलेली, बागेत कायम हातमोजे घालून वाकलेली. तिच्या नातवाची सीट माळ्यावर पडून होती. बायको गेली आणि मागून घेऊन आली. राखाडी रंगाची, कडेला बिस्किटाचा डाग, हँडल जरा सैल. "विकत घेतली नाहीये," तिने आईला फोनवर सांगितलं. "उसनी आणलीये." आई एकदम खूश झाली. पहिल्यांदा सगळं दुसऱ्या बाळाचं जुनंच वापरतात, उलट ते चांगलं, म्हणाली. अशा रीतीने चिंचवड आणि आमचं इथलं गाव फेल्डहोवन, दोघांचंही समाधान झालं.

नावाचंही तसंच. मुलगी आहे, हे इथल्या डॉक्टरने सोनोग्राफीत सहज सांगून टाकलं. आम्ही भारतात कुणाला कळवलं नाही, आपापसात मात्र 'ती' म्हणायला लागलो. मी नावं सुचवायला लागलो की बायको कानावर हात ठेवायची. "माझ्या मनात आहे एक. बारशाला कळेल. आत्या कानात सांगेल तेव्हा तूही ऐक." माझी बहीण त्यासाठी रजा टाकून येणार होती, तिचा व्हिसाही झाला होता. मी खूप खोदून पाहिलं, पहिलं अक्षर तरी सांग म्हटलं, पण बाईसाहेब हलल्या नाहीत.

मग आमचे शनिवार सुरू झाले. ती उसनी सीट जुन्या छोट्या गाडीत टाकायची आणि निघायचं.

मस्टँगच्या शोरूममध्ये पोरगेलासा सेल्समन होता. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि इंजिनाविषयी मलाच सांगायला लागला. बायकोने त्याला पाच मिनिटं बोलू दिलं, मग मागच्या सस्पेन्शनबद्दल असं काही विचारलं की तो मॅनेजरला बोलवायला आत गेला. टेस्ट ड्राइव्ह तिनेच घेतली. ती उसनी सीट बेल्टने मागे बांधली, पण तान्ह्या बाळाची सीट उलट्या तोंडाने बसवावी लागते, तिला जागा फार लागते. पुढची सीट सरकवता सरकवता माझे गुडघे हनुवटीला टेकले. मी सहा फुटी माणूस. "तुला जमेल," ती मला म्हणाली, "आवळून बस." त्या पोराने सांगितलं की बाळाची सीट घेऊन आलेले आम्ही त्याचे पहिलेच ग्राहक. मस्टँग बाद झाली.

कॅमॅरो एका माणसाकडे वापरलेली मिळत होती, ब्रेडा शहराच्या बाजूला. गाडी देखणी. बायको चालवून आली तेव्हा गाल लाल झालेले. पण बाळाची सीट मागे न्यायला जागाच मिळेना. पुढची सीट पाडून, आडवी करून, उभी करून, तो मालक आणि मी घामाघूम झालो. शेवटी ती कशीबशी आत गेली. बायको पोट सांभाळत स्वतः मागे शिरली, सीटच्या शेजारी बसली आणि डोकं बाळाच्या उंचीला नेऊन तिने खिडकीकडे पाहिलं.

"हिला काहीच दिसणार नाही रे इथून," ती म्हणाली. "नुसता अंधार."

कॅमॅरो बाद झाली. परतताना बायकोचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं गाडीचं वाईट वाटतंय. तर म्हणाली, "स्टिअरिंग पोटाला लागायला लागलंय. आता डिसाइड करायला पाहिजे."

चॅलेंजर इथे कुणी रीतसर विकत नसे. इथल्याच ब्राबांट प्रांतातल्या एका गावात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, एका माणसाची मोठी पत्र्याची शेड होती. तो अमेरिकेतून जहाजाने गाड्या मागवायचा. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, बोलायला अघळपघळ. आम्ही उतरलो तसं त्याने आधी बायकोच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सीटकडे, आणि म्हणाला, "दाखवा इकडे." त्याच्याकडे दाखवायला ठेवलेली एक चॅलेंजर होती. त्याने सीट माझ्या हातातून घेतली, पुढची सीट पाडली आणि एका दमात ती मागे नेऊन बांधली. मी पुढे बसलो. गुडघ्यांना जागा होती. बायको मागे शिरली, डोकं खाली नेऊन खिडकीतून पाहिलं. बाहेर मका दिसत होता आणि वर आभाळ.

"हीच," ती म्हणाली.

डिकीत बाबागाडी मावते का तेही त्याने मोजून दाखवलं. मग आम्हाला कॉफी दिली. रंगांचा तक्ता पुढे ठेवला. बायकोने त्यातला जांभळा निवडला, अगदी आपल्या भरायच्या वांग्यांचा रंग. मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वांग्याच्या रंगाची गाडी? लोक काय म्हणतील?" शेडवाला म्हणाला, जहाजाचं काही सांगता येत नाही, पण थंडी पडायच्या सुमारास गाडी येईल. "तोवर ही आलेली असेल," तो पोटाकडे बोट करून म्हणाला. "तिलाच घेऊन या डिलिव्हरीला. मला बघायचीये, एवढी परीक्षा घेणारी."

सप्टेंबर होता. पलंगाखाली ठोकळे लावून झाले होते. बायको एका सकाळी म्हणाली, कालपासून ही हललेली नाही. सुईण आली. तिने पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तिचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. आम्ही हॉस्पिटलला गेलो. आमची छोटी गाडी, मागे ती राखाडी सीट, कारण ती आता तिथेच बांधलेली असायची.

बाकीचं मी लिहू शकत नाही, म्हणजे लिहायचं नाही. मुलगी पूर्ण होती. केस खूप होते. नर्सने तिला पुसून, टोपी घालून बायकोच्या हातात दिलं, आणि हळूच विचारलं, "हिचं नाव काय?" बायकोने नकाराची मान हलवली. बारसं झालेलं नाही, हे त्या नर्सला मी कोणत्या शब्दांत सांगणार होतो? नोंदणीच्या ठिकाणीही तेच. नावाची जागा रिकामी ठेवली तरी चालते, असं तिथल्या बाईने सांगितलं. मी ठेवली. बायकोला विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

इतक्या लहान बाळाला आपण अग्नी देत नाही. गावाबाहेरच्या दफनभूमीत मुलांचा एक कोपरा आहे, तिथे तिला ठेवलं. आजूबाजूच्या छोट्या जागांवर लोकांनी भिरभिरी लावली होती, वारा आला की सगळी एकदम फिरायची. हॉस्पिटलातून परत येताना सीट मागे होती. मी आरशात बघायचं टाळत गाडी चालवली.

भारतातून खूप फोन आले. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच. झालं गेलं विसरा. तुम्ही तरुण आहात. पुन्हा होईल. आईही रडत रडत हेच म्हणाली, आणि तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. घरात तो विषय निघू नये म्हणून मी जपायला लागलो. ठोकळे काढले, पाळणा खोलीतून हलवला. मी हे सगळं बायकोसाठी करतोय अशी माझी समजूत होती. बहिणीने तिकीट रद्द केलं. बाराव्या दिवशी बायकोने आंघोळ करून साधा वरणभात लावला, दोघं जेवलो. आज काय आहे ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

शेजारची बाई आली ती त्यानंतर. हातात सूपचं भांडं. बसली आणि सरळ बायकोलाच विचारलं, "कशी होती ती? कुणासारखी दिसत होती? नाव काय तिचं?" मला वाटलं हिला धक्के मारून बाहेर काढावं. डच लोकांचा सडेतोडपणा मला एरवी आवडतो, पण त्याला काही काळवेळ? बायको उठली आणि वर निघून गेली. मी त्या बाईला कोरडेपणाने दारापर्यंत सोडलं.

वर गेलो तर बायको पलंगावर बसलेली होती. मी म्हटलं, "सॉरी, मी तिला आत घ्यायलाच नको होतं."

"इतक्या लोकांनी फोन केले," ती म्हणाली. "कशी होती, हे हिने एकटीने विचारलं. तूही नाही विचारलंस."

"मी पाहिली होती ना तिला."

"मग बोललास का?"

खूप वाईट वाटलं, एवढंच लिहितो.

दोन दिवसांनी तिने सीटचं कापड काढलं, धुतलं, हीटरवर वाळवलं. बिस्किटाचा तो जुना डाग गेला नाही. कापड परत चढवून ती सीट घेऊन शेजारी गेली आणि खूप वेळाने परत आली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. डोळे सुजलेले होते, पण चेहरा जरा सैल झाला होता.

नोव्हेंबरमध्ये शेडवाल्याचा मेल आला. गाडी उतरली आहे, कागदपत्रं झाली आहेत, कधीही या. त्याला काहीच माहीत नव्हतं. कळवायचं माझ्या मनात अनेकदा आलं होतं, पण परक्या भाषेत ते वाक्य लिहायला बसलो की बोटं थांबायची. मी बायकोला म्हटलं, कॅन्सल करू. दुसऱ्या कुणाला विकेल तो.

"नको," ती म्हणाली. "जाऊ आपण."

रेल्वे, मग बस, मग गार वाऱ्यात थोडं चालणं, असं करत आम्ही पोचलो. मका कापून नेलेला, शेतात नुसता चिखल. शेडच्या मधोमध गाडीवर लाल कापड टाकलेलं होतं. इथे नवी गाडी अशीच देतात, कापड टाकून, ग्राहकाच्या हाताने ओढायला लावून. आपल्याकडची लिंबं, नारळ, कुंकू यातलं आम्ही काही आणलं नव्हतं. शेडवाला हात पसरून पुढे आला. बायकोच्या पोटाकडे पाहिलं, आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि हसून म्हणाला, "आणली नाहीत? थंडी म्हणून घरी ठेवलीत होय?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात उत्साहाच्या भरात त्यानेच कापड ओढलं, पुढची सीट पाडली आणि आत बोट दाखवलं. मागच्या सीटवर, जिथे त्याने आमची सीट बांधून पाहिली होती तिथे, एक विणलेली पिवळी शाल घडी करून ठेवलेली. "माझ्या बायकोने विणली," तो म्हणाला. "नाव काय ठेवलंत तिचं?"

मी अजून वाक्य जुळवत होतो. बायकोने नाव सांगितलं.

परक्यांना सांगतात तसं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्याने म्हणून पाहिलं, चुकलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी अगदी बरोबर, आणि म्हणाला, फार सुंदर नाव आहे. "हो," ती म्हणाली. माझ्या मुलीचं नाव मी असं ऐकलं, एका पत्र्याच्या शेडमध्ये, इंजिन ऑइलच्या वासात, मिशावाल्या डच माणसाच्या तोंडून. मी गाडीच्या छताला धरून उभा राहिलो. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

आम्ही त्याला तेव्हा काही सांगितलं नाही. पुढे मी पत्र लिहून कळवलं, पण त्या दिवशी तो इतका आनंदात होता, आणि बायकोच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मला ते मोडवलं नाही. सह्या झाल्या. त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. कित्येक वर्षं जिची वाट पाहिली ती गाडी, ते इंजिन, समोर होतं. तिने किल्ली माझ्या हातात दिली.

"तू चालव," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, तुझी गाडी आहे."

"तू चालव."

मी पुढची सीट धरून ठेवली. ती वाकून मागे शिरली आणि त्या जागेवर बसली. शाल उलगडून मांडीवर घेतली. बेल्ट लावला. मी सुरू केली तेव्हा पूर्ण शेड घुमली.

मग मी ती जाडजूड, वांग्याच्या रंगाची गाडी अशी चालवली की बघणाऱ्यांनी हसावं. दुधाचा टँकर पुढे गेला. शाळेची बस पुढे गेली. मागच्या कॅरॅव्हॅनवाल्या म्हातारीने हॉर्न दिला आणि तीही पुढे गेली. स्पीडब्रेकर आला की मी जवळजवळ थांबत होतो. बाळाला घरी आणताना चालवली असती, अगदी तशीच. मी आरशात पाहिलं. बायको खिडकीतून बाहेर बघत होती, डोकं जरा खाली नेऊन. मग मी ते नाव मोठ्याने म्हटलं, एकदाच, बरोबर येतंय का ते बघायला.

"हळू," ती मागून म्हणाली.

हळूच चालवत होतो. आणखी हळू केली.